वेष्टनाचा रंग आणि वाङ्मयप्रकाराची घडण

वेष्टनाचा रंग पाहून पुस्तक उचलणारा वाचक हा वाङ्मयसमीक्षेच्या लेखी फारसा आदरणीय वाचक नाही. आशय, रूपबंध, निवेदन यांच्याशी त्याचा संबंध येण्यापूर्वीच त्याची निवड होऊन गेलेली असते. आणि जी निवड संहितेबाहेर झाली ती वाङ्मयबाह्य, असे आपण धरून चालतो. रूपवादी समीक्षेने हे गृहीतक पक्के केले, आणि तिच्यानंतर आलेल्या वाचककेंद्री समीक्षेनेही ते फारसे हलवले नाही. 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडताना याऊस यांच्यासमोर पूर्वी वाचलेल्या कृतींच्या संस्कारातून घडलेला वाचक होता. दुकानातील फळीपुढे उभा असलेला, हातात मोजके पैसे आणि गाडी सुटायला दहा मिनिटे असलेला वाचक नव्हता. झेरार जेनेत यांनी १९८७ साली आपल्या 'उंबरठे' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, ग्रंथमालेचे नाव अशा संहितेला वेढून असणाऱ्या सामग्रीचे पद्धतशीर वर्णन केले. तिला आपण परिसंहिता म्हणू. मुखपृष्ठाच्या रंगाचा निर्देशही त्या ग्रंथात आहे, पण तो ओझरता. उंबरठ्याचा रंग घराचे नाव ठरवू शकतो, ही शक्यता तेथे विचारात घेतलेली दिसत नाही.

ती शक्यता इतिहासात प्रत्यक्षात आलेली आहे. इटालियन भाषेत गुन्हेशोधाच्या कादंबरीला 'जाल्लो' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'पिवळा' एवढाच. एका प्रकाशकाने एका मालेसाठी वापरलेला रंग एका वाङ्मयप्रकाराचे नाव झाला आणि त्या भाषेच्या कोशात स्थिरावला. वाङ्मयप्रकाराची व्याख्या त्याच्या अंतर्गत विशेषांवरून करण्याची जी आपली सवय आहे, तिला हे उदाहरण अडचणीचे आहे. या लेखात मुख्यतः या अडचणीचा विचार करावयाचा आहे.

त्यापूर्वी पिवळ्या रंगाच्या एका जुन्या प्रवासाकडे पाहणे आवश्यक आहे. इंग्लंडात १८४८ साली डब्ल्यू. एच. स्मिथ यांचे पुस्तकविक्रीचे दुकान यूस्टन स्थानकावर सुरू झाले, आणि पुढल्याच वर्षी रूटलेज यांची रेल्वे ग्रंथमाला निघाली. प्रवासात वाचून टाकण्याजोग्या या स्वस्त कादंबऱ्यांना १८५० नंतरच्या काळात चकचकीत पिवळ्या कागदाचे, रंगीत चित्राचे पुठ्ठे लागू लागले आणि त्यांना 'पिवळ्या पाठीची पुस्तके' असे नावच पडले. पिवळाच का, याचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे: पांढरा कागद हाताळून लवकर मळतो. एडमंड एव्हन्स या मुद्रकाने याच कारणासाठी पिवळा कागद वापरला. रंगाच्या निवडीमागे कोणतीही प्रतीकयोजना नव्हती. होती ती मळखाऊपणाची काळजी.

त्याच काळात फ्रान्समध्येही कादंबऱ्या साध्या पिवळ्या कागदी वेष्टनात निघत. व्हॅन गॉगने १८८५ साली रंगवलेल्या एका स्थिरचित्रात वडिलांच्या भल्यामोठ्या बायबलपुढे झोलाच्या 'जगण्याचा आनंद' या अर्थाच्या कादंबरीची छोटी पिवळी प्रत ठेवलेली आहे. धर्मग्रंथासमोर आधुनिकता उभी करायला चित्रकाराला तो रंग पुरेसा वाटला. हीच पिवळी फ्रेंच कादंबरी इंग्लंडमध्ये पोचली की तिचा अर्थ बदले. सभ्य घरातील मुलींच्या हाती पडू नये अशी ती वस्तू होई. म्हणजे १८९० च्या सुमारास लंडनमध्ये पिवळा रंग एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होता. स्थानकावर तो निरुपद्रवी करमणुकीचा होता, दिवाणखान्यात तो पॅरिसच्या अनीतीचा होता. १८९४ च्या एप्रिलमध्ये 'द यलो बुक' हे त्रैमासिक सुरू झाले ते या दुसऱ्या अर्थाशी जाणूनबुजून खेळत. पुढे ५ एप्रिल १८९५ रोजी ऑस्कर वाइल्डला अटक झाली तेव्हा त्याच्या काखेत पिवळे पुस्तक होते अशी बातमी पसरली. ते पुस्तक कुठलीशी फ्रेंच कादंबरी असावे असे पुढे मानले गेले. पण जमावाने रंगावरून निष्कर्ष काढला आणि 'द यलो बुक'च्या प्रकाशकाच्या कचेरीच्या काचा फोडल्या. वाइल्डचा एक शब्दही त्या त्रैमासिकात कधी छापून आलेला नव्हता. ऑब्री बिअर्डस्ली या चित्रकाराला मात्र तेथील कलासंपादकपद गमवावे लागले, आणि १८९७ साली तेराव्या खंडानंतर त्रैमासिकच थांबले. रंगावरून पुस्तक निवडणाऱ्या वाचकाला आपण हसतो. रंगावरून पुस्तक दोषी ठरवणारा समाज त्याच वाचनपद्धतीचे दुसरे टोक आहे.

रंगाला निश्चित अर्थ देण्याचा नियोजनबद्ध प्रयत्न विसाव्या शतकात झाला. १९३२ साली हॅम्बुर्ग येथून निघू लागलेल्या 'अल्बाट्रॉस' मालेने इंग्रजी पुस्तकांना विषयवार रंग दिले, आणि १९३५ साली 'पेंग्विन'ने ती कल्पना उचलून सहा पेन्सांच्या पुस्तकांत रुजवली: कादंबरी नारिंगी, गुन्हेकथा हिरवी, चरित्र गडद निळे. पहिल्या दहा पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स हिरव्यात होत्या, तर हेमिंग्वेचे 'अ फेअरवेल टू आर्म्स' आणि कॉम्प्टन मॅकेन्झीचे 'कार्निव्हल' एकाच नारिंगीत. या व्यवस्थेविषयी बरेच लिहिले गेले आहे. येथे नोंदवायचे ते इतकेच की तिने प्रकार सांगितला, प्रत सांगितली नाही. नारिंगी पुस्तक उचलणाऱ्याला ते कादंबरी आहे एवढे कळे. हेमिंग्वे थोर की मॅकेन्झी, हा प्रश्न रंगाने त्याच्यासाठी सोडवलेला नसे. आणि एवढ्या यशानंतरही इंग्रजीत गुन्हेकथेला कोणी 'हिरवी' म्हणू लागले नाही. रंगाची व्यवस्था असणे आणि रंगाचा वाङ्मयप्रकार होणे या भिन्न गोष्टी आहेत.

इटलीत हे दुसरे घडले. आर्नोल्दो मोंदादोरी यांच्या संस्थेने १९२९ साली लोरेन्झो मोंतानो यांच्या संपादनाखाली 'पिवळी पुस्तके' याच नावाची माला सुरू केली. पहिले पुस्तक अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइनच्या बेन्सन खून प्रकरणाचा अनुवाद होते. त्या आरंभीच्या चार पुस्तकांची यादी बारकाईने पाहावी अशी आहे. व्हॅन डाइनबरोबर एडगर वॉलेस आहे, ॲना कॅथरिन ग्रीन आहे, आणि स्टीव्हन्सनच्या 'आत्महत्या मंडळा'च्या कथाही आहेत. व्हॅन डाइनचे पुस्तक म्हणजे तर्काने सोडवायचे कोडे. वॉलेसचा भर थरारावर. ग्रीनबाई एकोणिसाव्या शतकातल्या, त्यांच्या लेखनाला कौटुंबिक कादंबरीचा पदर. आणि १८७८ च्या स्टीव्हन्सनच्या त्या कथा कोणत्याही काटेकोर व्याख्येने शोधकथा ठरणार नाहीत. या चौघांना एकत्र आणणारे अंतर्गत लक्षण शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. त्यांना एकत्र आणले ते पिवळ्या कागदाने. वाचकाने एक वाचून दुसरे उचलले, दुसऱ्यात पहिल्याचे काही शोधले, सापडले नाही तेथे आपली अपेक्षा थोडी ताणून घेतली; आणि अशा रीतीने प्रकाशकाची विक्रीची सोय ही वाचकाची वाङ्मयीन संकल्पना झाली. प्रकार आधी आणि रंग नंतर, हा क्रम येथे उलटा आहे.

रंग लाभलेल्या प्रकाराला घरचे लेखक हवेत ही मागणी लगेच पुढे आली, आणि फॅसिस्ट राजवटीत त्या मागणीमागे राष्ट्रवादी दडपणही होते. १९३१ साली अलेस्सांद्रो वाराल्दोची कादंबरी या मालेत आली. ती मालेतील पहिली इटालियन लेखकाची कादंबरी. मग १९३५ पासून ऑगुस्तो दे आंजेलिस याच्या दे विन्चेन्झी या पोलीस अधिकाऱ्याच्या कथा निघू लागल्या. मिलानच्या धुक्यात फिरणारा, पुस्तके वाचणारा, गुन्हेगाराविषयी मनात करुणा बाळगणारा हा अधिकारी इंग्रजी नमुन्याची नक्कल म्हणून झटकता येत नाही. पण राजवटीला हा प्रकारच खुपत होता. शिस्तबद्ध, सुखी आणि गुन्हेमुक्त म्हणून मिरवणाऱ्या देशात प्रत्येक पंधरवड्याला नवा खून छापला जावा हे सोसणार कसे? गुन्हेगार इटालियन असू नये आणि तो शिक्षेवाचून सुटू नये, अशी बंधने लादली गेली. १९४१ साली मालाच बंद पाडण्यात आली. फॅसिस्टविरोधी म्हणून दे आंजेलिसला तुरुंगवास घडला, आणि सुटकेनंतर फॅसिस्टाकडून झालेल्या मारहाणीमुळे १९४४ साली त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूचे कारण त्याच्या कादंबऱ्या होत्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सेन्सॉरचे काम मात्र रंगाने सोपे केले होते, हे खरे. एकेक संहिता वाचून निर्णय घेण्याची गरज उरली नव्हती. माला बंद केली की प्रकार बंद झाला, असे मानता येत होते.

तो बंद झाला नाही. महायुद्धानंतर माला पुन्हा निघाली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'जाल्लो' हा शब्द कागदावरून निघून स्वतंत्रपणे वावरू लागला. गाद्दाची व्हिया मेरुलानावरील खुनाची कादंबरी १९५७ साली पुस्तकरूपाने आली; तिच्यातील तपास उत्तरापर्यंत पोचतच नाही. शाशाची 'घुबडाचा दिवस' या अर्थाची कादंबरी १९६१ साली आली. तिच्यात अपराधी कोण हे कळते, पण कायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण मध्ये सिसिलीतील माफिया आणि रोममधील राजकारण उभे आहे. दोन्ही पुस्तके अन्य प्रकाशकांची होती, त्यांची वेष्टने पिवळ्या मालेची नव्हती. तरीही त्यांच्या वाचनासाठी पिवळा रंग अनिवार्य आहे. उकल होणारच आणि अपराध्याला शासन मिळणारच, ही अपेक्षा तीन दशकांच्या पिवळ्या पुस्तकांनी इटालियन वाचकात मुरवली होती. राजवटीने तर तिला सक्तीचे रूप दिले होते. अपराधी मोकळा राहतो, हे शाशाच्या कादंबरीतले राजकीय विधान त्या मुरलेल्या अपेक्षेच्या पार्श्वभूमीवरच उठून दिसते. रंग प्रत्यक्षात अनुपस्थित असतानाही अर्थनिर्मितीत सहभागी आहे. परिसंहितेचा विचार पुस्तकाच्या भौतिक कडांपाशी थांबवला तर नेमके हेच निसटते.

या शब्दाची पुढली वाटचालही उद्बोधक आहे. उलगडा न झालेल्या प्रत्यक्षातल्या गुन्ह्यालाही इटालियन वृत्तपत्रे 'जाल्लो' म्हणतात. मारिओ बाव्हाच्या १९६३ च्या चित्रपटात नायिका आरंभीच विमानात एक जाल्लो वाचताना दिसते. त्यानंतरच्या रक्तरंजित चित्रपटांच्या लाटेमुळे इटलीबाहेर हा शब्द केवळ त्या चित्रपटांचा वाचक झाला. आणि कामिल्लेरी यांच्या मोन्ताल्बानो या पोलीस अधिकाऱ्याच्या कादंबऱ्या १९९४ पासून पालेर्मोच्या सेलेरिओ संस्थेच्या गडद निळ्या वेष्टनात निघाल्या. १९७९ साली सुरू झालेल्या त्या निळ्या मालेची घडण शाशाच्या सहभागातून झालेली होती. दुकानात जाऊन निळे पुस्तक मागायचे आणि घरी येऊन पिवळे वाचायचे, अशी ही मौज.

फ्रान्समधील समांतर उदाहरणात अर्थाइतकाच आकाराचा जाच आहे. तेथेही पिवळा रंग आधीच हजर होता: १९२७ पासून निघणाऱ्या 'मुखवटा' या अर्थाच्या मालेची पुस्तके पिवळीच, आणि तिचे पहिले पुस्तक ख्रिस्तीचे रॉजर ॲक्रॉइड. पण फ्रेंचमध्ये पिवळ्याचा प्रकार झाला नाही. झाला तो काळ्याचा. १९४५ साली गालिमार संस्थेत मार्सेल द्युआमेल यांनी 'काळी माला' सुरू केली. नाव सुचवले ते कवी झाक प्रेव्हेर यांनी. काळ्या वेष्टनावर पिवळी अक्षरे असलेल्या या पुस्तकांत कोडे सोडवणारा बुद्धिमान शोधक नव्हता. होते शहर, हिंसा, दारू आणि बोलीभाषा. पुढल्याच वर्षी नीनो फ्रँक या समीक्षकाने काही अमेरिकन चित्रपटांना 'काळे' म्हटले, आणि जे विशेषण अमेरिकन दिग्दर्शकांनी स्वतःसाठी कधी वापरले नव्हते ते त्यांना कायमचे चिकटले. त्याच गालिमारच्या प्रतिष्ठित मालेला 'पांढरी' म्हणतात, हे येथे विसरता कामा नये. तिचे वेष्टन खरे तर सायीच्या रंगाचे आहे. पण प्रतिष्ठेला पांढरे म्हणण्याची रीत बहुधा सर्वत्र सारखीच असावी. एकाच संस्थेत पांढरे आणि काळे असे दोन दरवाजे झाले, आणि कोणत्या लेखकाने कोणत्या दरवाजाने आत यायचे याचा निवाडा रंग करू लागला.

चेस्टर हाइम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकाराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. वर्णविद्वेषावर गंभीर कादंबऱ्या लिहून स्वदेशात उपेक्षा पदरी आलेला हा लेखक पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत होता. त्याच्या एका कादंबरीचा अनुवाद पूर्वी केलेल्या द्युआमेल यांनी त्याला काळ्या मालेसाठी लिहायला सांगितले. शोधकथा त्याने त्यापूर्वी लिहिलेली नव्हती. त्यातून हार्लेममधील दोन कृष्णवर्णीय पोलिसांच्या कथा जन्मल्या. त्यांपैकी पहिलीला १९५८ साली फ्रान्सचा पोलीसकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. येथे रंगाने संहितेला जन्म दिला असे म्हणणे अलंकारिक नाही. आधी वेष्टन होते. मजकूर नंतर, त्या वेष्टनाच्या मापाने लिहिला गेला.

पण मापाला दुसरीही बाजू असते. काळ्या मालेतील अनुवाद ठरावीक पृष्ठसंख्येत बसवण्यासाठी सर्रास कापले जात. १९६६ साली मालेचे हजारावे पुस्तक म्हणून जिम थॉम्पसनची 'पॉप. १२८०' ही कादंबरी द्युआमेल यांच्याच अनुवादात आली. शीर्षकातील आकडा एका गावाची लोकसंख्या आहे. फ्रेंचमध्ये शीर्षक झाले '१२७५ जीव'. पाच माणसे कुठे गेली याचा खुलासा पुस्तकात नव्हता. २००० साली झाँ-बर्नार पुई या कादंबरीकाराने '१२८० जीव' नावाची कादंबरी लिहून एका पुस्तकविक्रेत्याला या पाच हरवलेल्यांच्या शोधाला लावले. संहितासमीक्षेचा प्रश्न शोधकथेच्या रूपात मांडला जावा हे त्या मालेला साजेसेच झाले.

आता आपल्याकडे. मराठीत हा प्रकार रंगाने ओळखला गेला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांना वाचक 'रहस्यकथा' म्हणत आला, म्हणजे आशयावरून. झुंजार, धनंजय, काळापहाड ही नायकांची नावे हीच त्या पुस्तकांची खूण होती; वाचक रंग पाहण्याऐवजी नायक पाहून पुस्तक उचलत होता. मराठीत रंगाचे नाव पडले ते मात्र कामुक पुस्तकांना. 'पिवळी पुस्तके' म्हटल्यावर अधिक सांगावे लागत नाही. ज्या भाषेत पिवळा रंग हळदीचा आणि खंडोबाच्या भंडाऱ्याचा आहे, आणि चावटपणासाठी 'हिरवट' हा रंगवाचक शब्द आधीच उपलब्ध आहे, त्या भाषेत हे व्हावे यावरून रंग आणि अर्थ यांचा संबंध किती रूढिजन्य असतो ते स्पष्ट व्हावे. या नावाखाली काय काय एकत्र कोंबले गेले हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९६२ सालच्या 'रंभा' दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. न्यायालयाने संपूर्ण कथा विचारात घेतली, तिच्या प्रसंगांचा परस्परसंबंध पाहिला, म्हणजे जे समीक्षकाने करावे ते केले. विद्यापीठीय मराठी समीक्षेने या प्रकारच्या लेखनाबाबत ते क्वचितच केले आहे. तिने विशेषण ऐकले आणि पुस्तक बाजूला ठेवले.

या उदासीनतेला एक भौतिक कारणही आहे, आणि संशोधकांना त्याचा अनुभव रोजचाच आहे. आपल्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तक दाखल झाले की ते टिकावे म्हणून त्याची पुनर्बांधणी होते. मूळ वेष्टन फेकले जाते, कडक पुठ्ठा आणि कापडी पाठ येते, वर अबरी किंवा खाकी कागद चढतो, पाठीवर दाखलांक पडतो. मर्ढेकर आणि अर्नाळकर शेजारी शेजारी एकाच रंगात उभे राहतात. पुस्तकांच्या आयुर्मानासाठी हे योग्यच आहे, ग्रंथपालांना त्याचा दोष देता येणार नाही. परिणाम मात्र असा की मराठीतील लोकप्रिय कादंबरीचा अभ्यास करणाऱ्याला संहिता मिळते, पण ती पहिल्या वाचकाने कोणत्या रूपात पाहिली ते मिळत नाही. सूचीत शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठे, किंमत असते. वेष्टनाच्या रंगासाठी रकाना नसतो. रद्दीच्या दुकानांत आणि खाजगी संग्रहांत काही वेष्टने अद्याप शिल्लक आहेत. फिरत्या वाचनालयांच्या जुन्या चालकांना कोणत्या मालेचे पुस्तक कोणत्या रंगामुळे हातोहात जाई ते ठाऊक असते, आणि त्यांतील बहुतेक आता वृद्ध आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे. जाताना सोबत वही तर न्यावीच. शक्य झाल्यास रंगीत छायाचित्रे घेण्याची सोयही न्यावी, कारण कृष्णधवल प्रतींवरून या विषयाचे काहीच हाती लागणार नाही.